डव्हकॉट-पोस्टफिक्सचे दोन नोड डेबियन १२ वरून १३ वर न्यायचेत, मेल कमीत कमी बंद ठेवून कसं जमेल?

नाशिक_सर्व्हररूम

नमस्कार मंडळी,

एका शिक्षणसंस्थेची मेल सिस्टीम माझ्याकडे आहे. शाळा, ज्युनिअर कॉलेज, इंजिनिअरिंग आणि मुख्य ऑफिस धरून सहाशेच्या आसपास मेलबॉक्स. दोन व्हर्च्युअल मशीन (हेच दोन नोड), वेगवेगळ्या होस्टवर पण एकाच रॅकमध्ये, दोन्हीवर डेबियन १२, पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं), डव्हकॉट २.३.१९ (मेलबॉक्स सांभाळून लोकांना मेल देणारा), मेलडिर (प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये), आणि डव्हकॉटचं स्वतःचं रेप्लिकेशन, म्हणजे मेलबॉक्स दोन्ही नोडवर सारखे ठेवणं, दोन्ही बाजूंनी चालू. पुढे दोन्ही नोडवर एचएप्रॉक्सी (कनेक्शन नोडमध्ये वाटणारा), व्हर्च्युअल आयपी (नोडमध्ये हलवता येणारा सामाईक पत्ता) कीपअलाइव्हडीकडे, यूझर आणि पासवर्ड मारियाडीबी डेटाबेसमध्ये, स्पॅमसाठी आरस्पॅमडी. माझ्या आधीच्या सरांनी लावलेला सेटअप आहे आणि खरंच मनापासून लावलाय, एक नोड गेला तरी बऱ्याच जणांना पत्ताही लागत नाही.

आत्तापर्यंत दर महिन्याचे पॅच एका नोडवर टाकायचे, रीबूट, मग दुसऱ्यावर, असं चालायचं. त्यातही दरवेळी आउटलुक पासवर्ड मागतंय म्हणून फोन येतातच, ते का येतात तेही कुणाला माहीत असेल तर सांगा. पण खरा प्रश्न पुढचा आहे. डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ आहे आणि २.४ मधून रेप्लिकेशन काढूनच टाकलंय, म्हणजे एक नोड वर नेला की त्याचं आणि जुन्या नोडचं जमणारच नाही, मग नोडमागून नोड ही पद्धतच संपली ना? मॅनेजमेंटचं म्हणणं रविवारी रात्री अर्धा तास घ्या, त्यापेक्षा जास्त नाही, कारण अ‍ॅडमिशनचे दिवस जवळ आलेत आणि पालकांचे मेल रात्रीही येत असतात.

तर १२ वरच थांबावं का, न्यायचं झालं तर कुठल्या क्रमाने, आणि मधल्या वेळात आलेले मेल हरवणार नाहीत याची खात्री कशी करायची? अकाउंट्स विभागात अजून पीओपी३ (मेल आपल्या पीसीवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) वर चालणारे काही जण आहेत हेही लक्षात घ्या. प्रत्यक्ष करून बघितलेलं असेल त्यांनी जरूर लिहा.


रांगेत_उभं_पत्र

भाऊ, आधी येणाऱ्या मेलची काळजी मिटवू, कारण तो भाग सगळ्यात सोपा आहे आणि लोक घाबरतात मात्र त्यालाच.

समोरचा सर्व्हर कधीतरी बंद असणारच हे धरूनच एसएमटीपी (सर्व्हरने सर्व्हरला मेल द्यायचा प्रोटोकॉल) बनवलंय. आरएफसी ५३२१ मध्ये (त्याच्या अधिकृत नियमांत) सरळ लिहिलंय की पाठवणाऱ्याने पुन्हा प्रयत्न करताना साधारण निदान ३० मिनिटांचं अंतर ठेवावं आणि हार मानण्याआधी निदान ४-५ दिवस प्रयत्न करत राहावं. पोस्टफिक्स स्वतः डिफॉल्टला ५ दिवस मेल रांगेत ठेवतं. म्हणजे तुमचा पोर्ट २५ (बाहेरचे मेल येतात तो) अर्धा तास काय, रात्रभर बंद राहिला तरी व्यवस्थित सर्व्हरकडून आलेला मेल हरवत नाही, उशिरा येतो इतकंच. फक्त ओटीपी उशिरा आला तर उपयोगाचा नसतो, आणि काही वेबसाइटच्या मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्ट एकदाच प्रयत्न करून सोडून देतात, म्हणून पोर्ट २५ उघडाच ठेवायचा आणि आतली डिलिव्हरी थांबवायची हे मला जास्त पटतं.

त्यासाठी पोस्टफिक्समध्ये डिफर_ट्रान्सपोर्ट्स नावाची सेटिंग आहे (कमांड आणि सेटिंगची नावं मी बोलतो तशी लिहितोय, मॅन पेजमध्ये बघून घ्या). तिथे एलएमटीपी (पोस्टफिक्स डव्हकॉटला मेल देतं तो मार्ग) लिहून रीलोड केलं की पोस्टफिक्स बाहेरून मेल घेत राहतं, स्पॅम तपासतं, आणि डव्हकॉटकडे न देता रांगेत ठेवतं. डव्हकॉट उभा राहिला की सेटिंग काढा, रीलोड करा, पोस्टक्यूला फ्लश सांगा, साचलेले सगळे मेल पटापट मेलबॉक्समध्ये जातात. पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. पण एक ध्यानात ठेवा, ही रांग त्या त्या नोडच्या लोकल डिस्कवर असते, तिचं रेप्लिकेशन वगैरे होत नाही, त्यामुळे रांग रिकामी आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोड फॉरमॅट करायचा नाही की व्हर्च्युअल मशीन डिलीट करायचं नाही.

आता खरा धोका कुठे आहे ते सांगतो. मेल बंद सर्व्हरमुळे जात नाहीत, ते अर्धवट चालू सर्व्हरमुळे जातात. समजा नवीन नोडवर मारियाडीबी चालू आहे पण यूझरचं टेबल अजून पूर्ण आलेलं नाही. डेटाबेसच बंद असता तर पोस्टफिक्सने ४५१ दिला असता, म्हणजे तात्पुरता नकार, समोरचा परत आला असता. पण डेटाबेस चालू आणि त्यात तो यूझर नाही असं दिसलं की पोस्टफिक्स ५५० देऊन मोकळं होतं, असा यूझर नाही म्हणून, आणि समोरचा सर्व्हर त्याच क्षणी पालकाला बाउन्स पाठवतो. तो मेल परत येत नाही. ग्रुप मेलच्या याद्या चालवणाऱ्या कंपन्या तर असा पत्ता यादीतूनच काढून टाकतात, मग नंतर पत्रव्यवहार करत बसा.

म्हणून कामाच्या रात्री सॉफ्ट_बाउन्स येस करून ठेवायचं. तुमचं पोस्टफिक्स जे जे ५०० चे नकार देणार असेल ते सगळे ४०० चे होतात, म्हणजे काही चुकीचं लागलं असलं तरी समोरचा पुन्हा येतो आणि तोवर तुम्ही दुरुस्त केलेलं असतं. सकाळी मात्र आठवणीने काढा, नाहीतर स्पॅमवालेही परत परत येत राहतात आणि खऱ्या चुकीच्या पत्त्यांवर लिहिणाऱ्यांना कित्येक दिवस कळतच नाही की मेल पोचला नाही.


अपटाइम_पुणे

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. मी आउटलुकच्या फोनबद्दल आणि महिन्याच्या पॅचबद्दल लिहिते, कारण तो प्रश्न मोठ्या अपग्रेडच्या आधी सुटायला हवा, त्या रात्री तीच सवय कामाला येणार आहे.

तुमचा एचएप्रॉक्सी बहुतेक फक्त ९९३ पोर्ट (आयमॅपचा, म्हणजे मेल वाचायचा) उघडा आहे का एवढंच बघत असेल. रीबूटनंतर डव्हकॉट चटकन उठतो, मारियाडीबीला वेळ लागतो, विशेषतः आदल्या वेळी नीट बंद झाली नसेल तर. मधले ते सेकंद पोर्ट उघडा आहे म्हणून एचएप्रॉक्सी लोकांना तिकडे पाठवतो, लॉगिन फेल होतं, आणि आउटलुक तात्पुरती अडचण वगैरे काही समजून घेत नाही, सरळ पासवर्डची खिडकी उघडतं. लोक तिथे जुना पासवर्ड टाकतात, सेव्ह करतात, आणि मग सोमवारी सकाळी फोन. उपाय दोन, दोन्ही करा. सिस्टीमडीमध्ये डव्हकॉट मारियाडीबीनंतरच उठेल अशी अट घाला. आणि अपडेटच्या वेळी तो नोड एचएप्रॉक्सीत हाताने मेंटेनन्सला टाकून ठेवा, रीबूट झाल्यावर डव्हअ‍ॅडम ऑथ टेस्टने (डव्हकॉटची अॅडमिन कमांड) एका यूझरचं लॉगिन तपासा, एक टेस्ट मेल स्वतःला पाठवून मेलबॉक्समध्ये आला का बघा, मगच नोड परत घ्या. आपोआप परत येऊ देऊ नका.

क्रम असा ठेवा. ज्या नोडवर व्हर्च्युअल आयपी नाही तो आधी. एचएप्रॉक्सीच्या सॉकेटवरून त्याची स्टेट ड्रेन करा, म्हणजे नवीन कनेक्शन तिकडे जाणं थांबतं पण चालू असलेली तुटत नाहीत. आयमॅपमध्ये मात्र नुसतं ड्रेन करून वाट बघत बसलात तर संध्याकाळ होईल, कारण मोबाइल आणि थंडरबर्ड आयडलवर (नवीन मेलची वाट बघत) तासन् तास कनेक्शन धरून बसतात. दर २९ मिनिटांच्या आत आयडल परत सुरू करायचं असं आरएफसी २१७७ म्हणतं, पण ते त्याच कनेक्शनवर होतं, नवीन कनेक्शन होत नाही. (एचएप्रॉक्सीचे टाइमआउट ३० मिनिटांपेक्षा जास्त आहेत ना तेही बघून घ्या, कमी असतील तर रोजच लोकांची कनेक्शन विनाकारण तुटत असणार.) म्हणून थोडा वेळ ड्रेन, मग डव्हअ‍ॅडम हू करून कोण कोण उरलंय ते बघा आणि उरलेल्यांना डव्हअ‍ॅडम किक करा. मेल क्लायंट काही सेकंदांत दुसऱ्या नोडवर जोडला जातो, माणसाला कळतही नाही.

किक करायच्या आधी डव्हअ‍ॅडम रेप्लिकेटर स्टेटस बघायचंच. रांगेत सिंकच्या विनंत्या पडून असतील किंवा फेलचा आकडा दिसत असेल तर थांबा. नाहीतर एखाद्याने आत्ताच वाचून फोल्डरमध्ये टाकलेला मेल दुसऱ्या नोडवर अजून इनबॉक्समध्ये न वाचलेला दिसतो, आणि त्या माणसाचा सिस्टीमवरचा विश्वास उडतो. मेल हरवला नाही हे आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं.

मग पहिला नोड झाला, तपासला, परत घेतला, रेप्लिकेशन पूर्ण झालं की व्हर्च्युअल आयपी त्याच्याकडे हलवा. हा एकच क्षण आहे जिथे सगळी कनेक्शन एकदम तुटतात, कारण टीसीपी कनेक्शन एका मशीनवरून दुसऱ्यावर उचलून नेता येत नाही. तो क्षण एकदाच यावा म्हणून कीपअलाइव्हडीत नोप्रीएम्प्ट लावा, आणि त्यासाठी दोन्ही नोडची सुरुवातीची स्टेट बॅकअप अशीच लिहावी लागते, एकाला मास्टर लिहिलं तर नोप्रीएम्प्ट लागू होत नाही. हे नसेल तर दुसरा नोड रीबूट होऊन उठल्याबरोबर आयपी परत ओढून घेतो, त्याचं सिंक झालंय की नाही न बघता, आणि लोकांना दुसऱ्यांदा झटका.

अजून एक, एचएप्रॉक्सीकडून डव्हकॉटला प्रॉक्सी प्रोटोकॉलने खरा आयपी जातोय का तपासा. एका यूझरला एका आयपीवरून डिफॉल्टला १० च कनेक्शन मिळतात. खरा आयपी जात नसेल तर डव्हकॉटला सगळे एचएप्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात, थंडरबर्ड एकटंच ५ पर्यंत घेतं, घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचा पीसी मिळून १० झाले की मोबाइल बाहेर. असे फोन अपडेटनंतरच येतात म्हणून लोक अपडेटला दोष देतात.


नाशिक_सर्व्हररूम

ताई, खूप आभार, टाइमआउट बघितला, १० मिनिटांचा निघाला आणि प्रॉक्सी प्रोटोकॉलही बंदच आहे. दोन्ही या आठवड्यात करतो.

आता २.४ चं कुणीतरी सांगा. रेप्लिकेशन गेलं तरी डीसिंक (मेलबॉक्स जुळवणारी) कमांड अजून आहे असं कळतंय, मग क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा) दर मिनिटाला सगळ्यांचं सिंक चालवलं तर आत्तासारखंच चालेल का?


डोंबिवली_ते_डॉर्टमुंड

क्रॉनवर जाऊ नका. डव्हअ‍ॅडम सिंक आणि बॅकअप २.४ मध्ये आहेत हे बरोबर, पण रेप्लिकेटर काय करायचा तर कुठल्या यूझरचा मेलबॉक्स बदलला ते कळताच त्याचंच सिंक करायचा, अयशस्वी झालं तर परत रांगेत घालायचा. क्रॉनला यातलं काहीच कळत नाही, सहाशे मेलबॉक्स सारखे चाळत बसेल, आणि एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू झाली की दोन्ही नोड त्यातच अडकतील. दोन्ही नोड एकाच वेळी लोकांना देत असाल तर हे नकोच.

मी तुमच्यासारखाच पण थोडा मोठा सेटअप इथे हलवलाय, त्यातून ठाम मत झालंय ते हे की जुन्या नोडवर जागच्या जागी अपग्रेड करायचंच नाही. शेजारी नवीन मशीन उभी करा आणि यूझर एकेक करून न्या. रविवारी रात्री अर्धा तास असा हिशोबच मग राहत नाही, प्रत्येक माणसाचा वेगळा अर्धा मिनिट होतो, आणि काही बिघडलं तर एका माणसाचं बिघडतं, सहाशेंचं नाही.

आधी २.४ ची कॉन्फिग. जुनी फाइल तशीच टाकली तर डव्हकॉट सुरूच होणार नाही. फाइलमध्ये सगळ्यात पहिली सेटिंग डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन हवी, ती नसेल तर पुढचं वाचतच नाही. मेल_लोकेशन गेलं, त्याच्या जागी मेल_ड्रायव्हर आणि मेल_पाथ आले. टक्का यू, टक्का डी हे छोटे व्हेरिएबल गेले, आता महिरपी कंसात पूर्ण नाव लिहायचं. एसएसएल सर्टिफिकेटच्या सेटिंगचं नाव बदललंय आणि पाथच्या आधी लावायचं ते लेस-दॅनचं चिन्ह आता नको. डिसेबल_प्लेनटेक्स्ट_ऑथ उलटं होऊन ऑथ_अलाव_क्लिअरटेक्स्ट झालंय, तिथे येस-नो अदलाबदल होते, नीट बघा, नाहीतर बिनएन्क्रिप्शनचा पासवर्ड उघडा पडेल. जुनी फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा कोरी फाइल घ्या, जेवढं लागतं तेवढंच लिहा, आणि डव्हकॉन्फ मायनस एनने तपासत जा. अर्ध्या जुन्या सेटिंग कशासाठी होत्या हे कुणालाच माहीत नसतं, त्या आपोआप गळून जातात.

पासवर्डचं एक मोठं प्रकरण आहे. २.४ मध्ये कमजोर हॅश स्कीम (पासवर्ड गुप्त रूपात साठवायच्या पद्धती) डिफॉल्टला बंद आहेत. तुमच्या टेबलमध्ये डॉलर-एक-डॉलरने सुरू होणारे हॅश असतील, म्हणजे जुने एमडी५-क्रिप्ट, तर त्या लोकांचा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होणार नाही. आत्ताच एक क्वेरी मारून असे किती आहेत ते काढा. शिक्षणसंस्थांमध्ये दहा-पंधरा वर्षं पासवर्ड न बदललेले जुने प्राध्यापक असतातच. त्यांना महिनाभर आधी पासवर्ड बदलायला लावा, आणि जे राहतील त्यांच्यासाठी ऑथ_अलाव_वीक_स्कीम्स तात्पुरतं चालू ठेवा.

आता हलवायची पद्धत. समोर दोन छोटी मशीन डव्हकॉट प्रॉक्सी म्हणून ठेवा, यांच्यावर मेल साठत नाही. लॉगिन करताना प्रॉक्सी मारियाडीबीला विचारतो की या यूझरचा होस्ट कोणता, आणि त्याला तिथे पोचवतो. टेबलमध्ये एक होस्टचा कॉलम वाढवा, सुरुवातीला सगळ्यांचा जुना. एलएमटीपीही त्याच प्रॉक्सीतून जाऊ द्या म्हणजे नवीन मेलही त्याच कॉलमवर चालतो. मग व्हर्च्युअल आयपी एकदा प्रॉक्सीवर हलवा. एवढं झालं की पुढचं सगळं एका कॉलमचा खेळ.

नवीन बॅकएंडवर रोज रात्री डव्हअ‍ॅडम बॅकअप उलट्या दिशेने चालवा, आयमॅपसी (डव्हकॉट स्वतःच आयमॅप क्लायंट बनतो ती सोय) वापरून मास्टर यूझरने जुन्या सर्व्हरवरून ओढायचं. आयमॅपवरून जात असल्यामुळे दोन्हीकडची व्हर्जन वेगळी असली तरी अडत नाही, आणि यूआयडी, यूआयडीव्हॅलिडिटी (मेल आणि फोल्डर ओळखायचे क्रमांक) जशाच्या तशा येतात, नाहीतर प्रत्येकाचं थंडरबर्ड सगळा मेलबॉक्स पुन्हा डाउनलोड करत बसेल आणि तुमची लाइन भरून जाईल. पहिल्या रात्री वेळ लागेल, नंतर फक्त फरक येतो.

एका यूझरला हलवताना मी असं करतो. पोस्टफिक्सच्या ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये त्याच्यापुढे रीट्राय लिहितो, म्हणजे फक्त त्याचे नवीन मेल रांगेत थांबतात, बाकीच्यांचे चालू. शेवटचा बॅकअप घेतो. होस्टचा कॉलम बदलतो, प्रॉक्सीवर त्याला किक करतो, तो परत जोडला जातो तो नवीन सर्व्हरवर. मग एकदा सिंक, एकाच दिशेने, जुन्याकडून नव्याकडे, कारण बॅकअप आणि किक यांच्या मधल्या काही सेकंदांत त्याने काही केलं असेल तर ते यावं. रीट्रायची ओळ काढतो, रांग फ्लश. लॉगिन कुठेच नाकारलं जात नाही म्हणून पासवर्डची खिडकीही उघडत नाही. हे स्क्रिप्टमध्ये बसवलं की पन्नास-पन्नासच्या गटाने दिवसाढवळ्याही करता येतं, पण अ‍ॅडमिशन ऑफिस शेवटी ठेवा.

इथे एक जागा फार धोक्याची आहे, जाड अक्षरात लिहून भिंतीवर लावा. कॉलम बदलल्यानंतर त्या यूझरवर बॅकअप कमांड पुन्हा चालवायची नाही. बॅकअपचा अर्थ नव्या बाजूला जे वेगळं आहे ते फेकून जुन्यासारखं करणं. रात्रीचा क्रॉन बंद करायचा राहिला आणि हलवलेल्या यूझरवर तो चालला तर नव्या सर्व्हरवर दिवसभरात आलेले मेल पुसले जातील. क्रॉनच्या स्क्रिप्टनेच होस्टचा कॉलम बघावा आणि ज्यांचा होस्ट अजून जुना आहे त्यांनाच हात लावावा, माणसाच्या आठवणीवर हे सोडू नये.


कृष्णाकाठ

वरचं सगळं वाचलं, छान माहिती, पण मला एक वेगळं सुचवायचंय. घाई कशाची आहे? डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला. १२ चा मुख्य सिक्युरिटी सपोर्ट जून २०२६ पर्यंत आणि त्यापुढे एलटीएस (लांबवलेला सपोर्ट) जून २०२८ पर्यंत. अ‍ॅडमिशन तोंडावर असताना नोड हलवण्यापेक्षा पॅच लावत राहा, ताईंनी सांगितलेली पद्धत हाताखालून जाऊ द्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत हलवा. दिवाळीत कॉलेज बंद, ऑफिस अर्ध्यावर, चूक झाली तरी निस्तरायला वेळ.

दुसरं म्हणजे नवीन बाजूला रेप्लिकेशन नाही तर करणार काय हे आधी ठरवा, मग हलवा. सहाशे मेलबॉक्सना दोन्ही नोड एकाच वेळी चालू लागतच नाहीत. एक चालू एक तयार ठेवा. डीआरबीडीने डिस्क दुसऱ्या मशीनवर जशीच्या तशी, प्रोटोकॉल सी लावला की दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय राइट पूर्ण धरला जात नाही. वर पेसमेकर, सर्व्हिस कुठल्या नोडवर चालायची ते ठरवायला. अपडेट करायचं तर आधी जो नुसता तयार बसलाय त्याला स्टँडबाय करा, अपडेट, रीबूट, डीआरबीडीचं सिंक पूर्ण होऊ द्या, मग चालू नोड स्टँडबाय करा, सर्व्हिस पलीकडे जाते. फाइलसिस्टीम माउंट होऊन डव्हकॉट उठेपर्यंत जेवढा वेळ तेवढाच खंड. यात एकच मेलबॉक्स, एकच इंडेक्स, दोन बाजूंचं जुळतंय का ही भानगडच नाही.

मात्र फेन्सिंगशिवाय (बिघडलेला वाटणारा नोड जबरदस्तीने बंद करायची सोय) हे लावू नका. दोन नोडमधली केबल निघाली तर दोघांनाही वाटतं समोरचा मेला, दोघेही डिस्क माउंट करतात, आणि मग दोन्हीकडे वेगवेगळे मेल लिहिलेली डिस्क हातात येते, ती कुणालाच जोडता येत नाही. एक तिसरं लहानसं मशीन, दुसऱ्या इमारतीत असलं तर उत्तम, कोरोसिंकच्या (पेसमेकरखाली नोड जोडणारं) क्यूडिव्हाइससाठी ठेवा, ते फक्त मत देतं. आणि हो, तुमचे दोन्ही होस्ट एकाच रॅकमध्ये आहेत म्हणजे बहुतेक एकाच यूपीएसवर. नवीन मशीन उभी करताय तर एक दुसऱ्या इमारतीत ठेवता येतं का बघा, मध्ये फायबर असेल तर डीआरबीडीला अडचण नाही.

बॅकअप वेगळा पाहिजेच. कुणी फोल्डर डिलीट केलं तर डीआरबीडी तेही इमानदारीने पलीकडे डिलीट करतं.


डोंबिवली_ते_डॉर्टमुंड

कृष्णाकाठ सरांचं बरोबर आहे, आमच्याकडेही बॅकएंड शेवटी एक चालू एक तयार असेच ठेवलेत, प्रॉक्सी तेवढे दोन्ही चालू. दोन्ही गोष्टी एकत्र बसतात.

एक भर घालतो. डव्हकॉट_स्टोरेज_व्हर्जन नावाची सेटिंग २.४ मध्ये आहे ती नीट वाचा. किती जुन्या व्हर्जनला वाचता येतील अशा फाइल लिहायच्या हे ती ठरवते, मुद्दाम क्लस्टरच्या अपग्रेडसाठीच दिलीय. पुढे कधी २.४ च्या आतल्या आत अपडेट कराल, तयार नोड पुढच्या व्हर्जनवर आणि चालू नोड मागच्या, आणि काही बिघडून परत जुन्यावर यावं लागलं, तर त्या नोडला फाइल वाचता यायला हव्यात. दोन्ही नोड वर गेल्यावर आणि आठवडाभर नीट चालल्यावरच तो आकडा वाढवायचा.


नाशिक_सर्व्हररूम

मंडळी, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. तर ठरलं असं की अ‍ॅडमिशन होईपर्यंत १२ वरच, टाइमआउट, प्रॉक्सी प्रोटोकॉल, नोप्रीएम्प्ट आणि मारियाडीबीनंतर डव्हकॉट हे आत्ता. डॉलर-एक-डॉलरवाले हॅश मोजले, अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आहेत, त्यांना पत्र काढायला रजिस्ट्रार सरांना सांगतो. प्रॉक्सीची दोन मशीन गणपतीच्या आसपास उभी करतो आणि दिवाळीत मेलबॉक्स हलवतो. नवीन बॅकएंड एक चालू एक तयार, दुसरा होस्ट लायब्ररीच्या इमारतीत, तिथपर्यंत फायबर आहे.

दोन शंका राहिल्या. पीओपी३ वाल्या अकाउंट्सचं काय, त्यांना सगळे जुने मेल परत डाउनलोड होणार का? आणि बाहेर जाणाऱ्या मेलला नवीन मशीनच्या आयपीचं काही करावं लागेल का?


अपटाइम_पुणे

बाहेरच्या मेलसाठी नवीन आयपीचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारा) आत्ताच इंटरनेट कंपनीकडे मागा, त्यांच्याकडून यायला कधीकधी दिवस जातात, आणि पीटीआर नसेल तर जीमेल घेत नाही, फेब्रुवारी २०२४ पासून तर सगळ्याच पाठवणाऱ्यांना ती अट आहे. एसपीएफमध्ये (आपल्या नावाने कोणते आयपी मेल पाठवू शकतात त्याची यादी) नवीन आयपी आधी घाला, जुना महिनाभर राहू द्या. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) तीच की नव्या आरस्पॅमडीवर न्या, आणि आरस्पॅमडीचा रेडिस डेटाबेसमधला शिकलेला डेटाही न्या, नाहीतर पहिले काही दिवस लोकांच्या इनबॉक्समध्ये स्पॅम दिसेल.

पीओपी३ ची शंका रास्त आहे. क्लायंट मेल ओळखतो तो यूआयडीएलवरून (पीओपी३ मधला मेलचा ओळखक्रमांक), आणि डव्हकॉटच्या डिफॉल्ट फॉर्मॅटमध्ये तो यूआयडी आणि यूआयडीव्हॅलिडिटी मिळून बनतो. आयमॅपसीने आणलंत तर दोन्ही तेच राहतात, म्हणजे यूआयडीएलही तोच, काही परत डाउनलोड होत नाही. अडचण येते ती जुन्या कॉन्फिगमध्ये पीओपी३_यूआयडीएल_फॉर्मॅट कुणी बदललेला असेल तर, किंवा त्याआधीच्या एखाद्या सर्व्हरवरून आणलेले जुने यूआयडीएल मेलडिरच्या डव्हकॉट-यूआयडीलिस्ट फाइलमध्ये जपलेले असतील तर. ती फाइल एखाद्या अकाउंट्सवाल्याची उघडून बघा, ओळीत पी अक्षराने सुरू होणारा तुकडा दिसला तर तसे यूआयडीएल आहेत, मग पीओपी३ मायग्रेशन प्लगइन लावून आणावं लागेल. चाचणीसाठी पहिला जो गट हलवाल त्यात अकाउंट्समधला असाच एक जण घ्या, ज्याच्या आउटलुकमध्ये सर्व्हरवर कॉपी ठेवा हा पर्याय चालू आहे आणि मेलबॉक्स मोठा आहे. हलवायच्या आधी आणि नंतर यूआयडीएल कमांड देऊन दोन्ही याद्या डिफ करा, एकही ओळ वेगळी नसेल तर बाकीच्या पीओपी३ वाल्यांना न्या.